एका तोंडाची पाच कार्डं

शब्दकोशाच्या कचेरीत त्याला सगळे टिपकागद म्हणत. या नावात कौतुक किती आणि टोमणा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. टिपकागद शाई शोषून घेतो, पण त्यातलं एक अक्षर परत देत नाही. हा गृहस्थ तसाच होता. बसथांब्यावर, दवाखान्याच्या बाकावर, न्हाव्याच्या खुर्चीत कुणी कामाचं वाक्य बोललं, की त्याचा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे जायचा. खिशात पोस्टकार्डाएवढी कोरी कार्डं असत. वर शब्द, मग वाक्य जसं ऐकलं तसं, त्याखाली कोण बोललं, कुठं, कोणत्या तारखेला, आणि तळाशी शेऱ्यासाठी एक ओळ. बोलणाऱ्याला वाटायचं, काय मन लावून ऐकतोय बिचारा! ऐकायचा तो, त्यात खोट नाही. फक्त वाक्य एकदा कार्डावर उतरलं की त्याच्या लेखी ते निकालात निघालेलं असायचं.

एकोणीस वर्षं त्यानं या कचेरीत काढली होती. कोश अक्षराअक्षरानं निघत होता. 'क' छापून नऊ वर्षं झाली होती, आता गाडं 'व'वर आलं होतं. तिथं कामाची वाटणी अशी, की नामं याच्या टेबलावर आणि क्रियापदं शेजारच्या. म्हणजे 'विचार' याच्याकडे आणि 'विचारणं' दुसऱ्याकडे. वाटणी कुणी मुद्दाम केली नव्हती, पण याच्या स्वभावाला ती अशी काही बसली होती, की शिंप्यानं माप घेऊन शिवावी.

'विचार' हा शब्द दिसायला गरीब. दाराच्या कडीसारखा रोजच्या हाताखालचा. आठवड्यात उरकेल असं म्हणून यानं तो घेतला आणि सहा महिने त्यातच रुतून बसला. माणूस डोक्यात करतो तो विचार, हा पहिला अर्थ. आणि त्याचीच कार्डं सगळ्यात कमी. लोक तो फारसा करत नसावेत, किंवा केला तर बोलून दाखवत नसावेत. 'जायचा विचार आहे' म्हटलं की तो इरादा होतो. 'तुमचे विचार पटत नाहीत' यात तो मत होतो. 'विचार करकरून डोळ्याला डोळा नाही' यात निव्वळ काळजी. 'माझा काही विचार कराल की नाही' यात तर डोक्याचा संबंधच नाही, तिथं सगळा मामला काळजाचा. आणि 'विचार करून सांगतो' या वाक्प्रयोगाचा अर्थ यानं स्वतः घडवला होता, आणि त्यावर तो खूश होता: 'नकार न देता वेळ काढणे, सौजन्याने टाळणे.' एकूण नऊ अर्थ. नववा अडून बसला होता. समोरच्याचं मत आणि समोरच्याचं मन, दोन्ही एका दमात मागायचं असतं तेव्हाचा विचार. कचेरीचा नियम असा, की कोणत्याही अर्थाला तीन साक्षीदार हवेत, तीन कार्डं. नवव्याची दोनच होती. आणि शुक्रवारी संध्याकाळी पानं छापखान्यात जायची होती.

अशा त्या आठवड्यातला सोमवार.

त्याची बायको कपडे बेतायची. शिवणारे शंभर मिळतात, बेतणारा लाखात एक, असं तिच्या धंद्यात म्हणतात. कागदावर आधी माणूस काढायचा, मग कापडातून तो सहीसलामत बाहेर काढायचा. चार बोटं कापड वाया गेलं की ती दिवसभर कुणाशी बोलायची नाही. सोमवारी संध्याकाळी ती कप विसळत होती आणि हा पायातले मोजे काढत होता.

"ऐकतोयस का? त्या गणवेशाच्या कारखान्यातून फोन आला होता. बेतणीचा अख्खा विभाग मला देतायत. बारा माणसं हाताखाली."

"अरे वा."

"वा काय? दोन वर्षं तिकडे राहावं लागेल. सहा तासांचा रस्ता. महिन्यातून एकदा घरी. शुक्रवारी बाराच्या आत हो का नाही ते कळवायचंय." तिनं नळ बंद केला, हात पुसले, आणि त्याच्याकडे नीट वळली. "मी जाऊ की नको? तुझा काय विचार आहे?"

आता त्याच्या काळजात धस्स झालं, हे आपण त्याच्या बाजूला मांडून ठेवू. एक मोजा हातात तसाच राहिला. पण त्याच क्षणी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक दिवा लागला. नववा अर्थ! तिसरा साक्षीदार! चालत घरात आला होता, आणि इतका स्वच्छ, की हात लावायची गरज नाही.

"विचार करून सांगतो," तो म्हणाला, आणि न्हाणीघरात जाऊन कार्ड लिहून आला.

त्यानंतर मात्र त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. मंगळवारी तो कचेरीला निघाला आणि दोनदा जिन्यातून परत आला, दाराला कुलूप लावलंय का बघायला. कुलूप लावलेलं होतं. तिसऱ्यांदा आला तेव्हा बायको आतच आहे हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तिला बाहेरून कोंडून आपण निघालो होतो हेही. 'जा' म्हणावं तर ती खरंच जाईल. 'नको' म्हणावं तर ती राहील, आणि रोज संध्याकाळी कप विसळताना तो 'नको' तिच्या पाठीवर दिसत राहील. 'तुला वाटेल ते कर' हे एक होतं. ते तो आजवर बऱ्याचदा म्हणाला होता, आणि त्यानं कुणाचं भलं झालेलं त्याला आठवत नव्हतं. तो खिडकी उघडायचा, लावायचा, परत उघडायचा. वर्तमानपत्राचं एकच पान तीनदा वाचायचा. जेवताना तिच्याकडे न बघता पाण्याचा पेला पुन्हा पुन्हा सरळ करायचा, तो वाकडा नसताना.

बुधवारी ती म्हणाली, "माझं काय चाललंय आतमध्ये, कल्पना तरी आहे का तुला?"

'कल्पना' हा शब्द 'क'च्या खंडात गेलेला. त्याचं कार्ड आता कुणाला नको होतं. म्हणून त्यानं ते टिपलं नाही, आणि टिपलं नाही म्हणून धड ऐकलंही नाही.

गुरुवारी लेकीचा फोन आला. ती लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, आणि बोलण्यात आईवर गेली होती.

"बाबा, आईला काय सांगितलंत?"

"विचार चालू आहे."

"बाबा, तुमचा विचार म्हणजे आमच्या इमारतीची लिफ्ट आहे. 'चालू आहे' अशी पाटी लावलेली असते नुसती. माणसं जिन्यानं जातात."

"तुझं म्हणणं काय, तिनं जावं?"

"माझं म्हणणं तिनं मला विचारलेलं नाही. तुम्हाला विचारलंय. चार दिवस झाले, ती वाट बघतेय हो!"

शुक्रवारी सकाळी बायकोनं केस बांधता बांधता आरशातूनच म्हटलं, "बारापर्यंत."

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे, लक्षात आहे."

ती हसली. पण ते हसणं सुखाचं नव्हतं. पिशवीत कात्री टाकून ती निघाली, आणि दार तिनं इतकं हळू लावलं, की आपटलं असतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

कचेरीत दहाच्या ठोक्याला तपासनीस बाईंचं बोलावणं आलं. कोशातलं प्रत्येक कार्ड छापखान्यात जाण्याआधी यांच्या हाताखालून जायचं. केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मागं सगळे त्यांना चाळणी म्हणायचे. त्यांचा एक नियम होता, आणि त्यापुढे मुख्य संपादकांचंही चालत नसे: एक तोंड, पाच कार्डं. एका शब्दाला एका माणसाच्या तोंडची पाचापेक्षा जास्त वाक्यं घ्यायची नाहीत. नियमाला कारण घडलं होतं. 'म'च्या वेळी एका संपादकानं घरात बसून आपल्या सासूबाईंचं बोलणं उतरवून काढलं, आणि 'मेला' या शब्दाला अठ्ठावीस उदाहरणं आली. अठ्ठावीसही त्या जावयालाच उद्देशून. तो खंड निघाला तेव्हा वाचकांनी पत्रं पाठवून त्याची विचारपूस केली होती.

"बसा," बाई म्हणाल्या. "खुर्ची नको, स्टूल घ्या. खुर्चीत बसलात की तुम्ही लिहायला लागता."

तो स्टुलावर बसला. टेबलावर 'विचार'ची त्रेपन्न कार्डं होती. तीस एका बाजूला, तेवीस दुसऱ्या.

"ही तीस ठीक आहेत. आता ही तेवीस." बाईंनी गठ्ठ्यावर बोट ठेवलं. "कोण बोललं, या ओळीत तुम्ही काय लिहिलंयत, वाचू? 'होतकरू कारागीर स्त्री.' 'सहप्रवासी स्त्री.' 'मध्यमवयीन शेजारीण.' 'रुग्ण स्त्री, प्रतीक्षालय.' 'गृहिणी.' 'अनोळखी स्त्री, बाजार.' तेवीस कार्डं, तेवीस बायका."

"लोकांत फिरतो मी," तो म्हणाला.

"अहो टिपकागद, चाळीस वर्षं मी लोकांची वाक्यं चाळतेय. आवाज ओळखू येतो मला. या तेवीस बायका नाहीत. ही एकच बाई आहे. प्रत्येक वाक्य प्रश्नात संपवते, आणि प्रत्येक प्रश्न एकाच माणसाला विचारते."

त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नियम माहीत असून त्यानं नावं बदलली होती, हे खरं होतं. एका तोंडाचा नियम आड यायला नको, एवढाच त्यातला हेतू. घरबसल्या इतकी चांगली वाक्यं मिळत असताना बाहेर कोण वणवण करणार?

"चूक झाली," तो म्हणाला. "पाच ठेवतो, अठरा काढतो."

"कुठली पाच ते ठरवायचं तर वाचावी लागतील. मी तारखेनं लावलीयत. वाचा." बाईंनी गठ्ठा त्याच्याकडे सरकवला, आणि मग जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगा मला. या बाईला कुणी उत्तर देतं की नाही?"

त्यानं पहिलं कार्ड उचललं. त्यावर अकरा वर्षांपूर्वीची तारीख होती. 'बेतणीचा वरचा वर्ग करावा असा विचार आहे, तुम्हाला काय वाटतं?' होतकरू कारागीर स्त्री, बस. शेरा: 'इरादा. उत्तम.' त्याला ती बस आठवेना, कारण बस नव्हतीच; ते जेवणाचं टेबल होतं. तो वर्ग तिनं केला की नाही? केला असावा. दोन वर्षं मंगळवारी ती उशिरा यायची. कुठून येतेस, हे त्यानं विचारल्याचं त्याला आठवेना.

दुसरं, तिसरं, चौथं. पोरीला वसतिगृहात ठेवायचं म्हणून लागलेला विचार. तिच्या आईला आपल्याकडे आणायचा विचार. ती आई पुढं मेव्हण्याकडेच वारली. सातवं कार्ड दवाखान्याचं. 'डॉक्टर म्हणाले, गाठ काढायची की थांबायचं, विचार करा. करूया का आपण विचार?' रुग्ण स्त्री. शेरा: 'करूया: अनेकवचन लक्षणीय.' त्यानं ते कार्ड खाली ठेवलं आणि परत उचललं. गाठ साधी निघाली होती, म्हणून तो प्रसंग त्याच्या मनातून पार पुसला गेला होता. दवाखान्यात तिच्याबरोबर कोण गेलं होतं? तिची बहीण. हा 'ज'ची मुद्रितं तपासत होता.

आठवं कार्ड त्यानंतर तीन आठवड्यांचं. 'तुझा काही विचार असेल तर सांग, नाहीतर मी ठरवते.' इथं पहिल्यांदा ती 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती. वीस वर्षं अहोजाहो करणारी बाई एका दिवसात अरेतुरेवर आली, आणि यानं शेऱ्यात लिहिलं होतं: 'संबोधनात बदल. कारण अज्ञात.'

पुढची तो भराभर उलटत गेला. कार्डागणिक वाक्यं आखूड होत गेलेली. 'माझाही कधी विचार करत जा.' मध्यमवयीन शेजारीण. 'कसला एवढा विचार करतोयस?' सहप्रवासी स्त्री. 'जाऊ दे, मीच करते विचार.' गृहिणी. मधे दीड वर्षाची मोकळी जागा होती, तेव्हा ती काही बोललीच नव्हती; निदान या शब्दात तरी नाही. आणि तेविसावं, चार दिवसांपूर्वीचं. 'मी जाऊ की नको? तुझा काय विचार आहे?' अनोळखी स्त्री, बाजार. शेरा त्याच्याच अक्षरात, ठसठशीत: 'स्वच्छ उदाहरण.'

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून अठरा मिनिटं झाली होती.

तो उठला तसं स्टूल आडवं झालं. तेवीसच्या तेवीस कार्डं त्याच्या मुठीत होती.

"अहो! कार्डं इमारतीबाहेर न्यायची नाहीत!" बाई ओरडल्या. मग त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, चष्मा काढला आणि पुसायला घेतला. "चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही. जा."

बस काही येईना. आली ती दुसरीकडे जाणारी. तो चालत निघाला, मग चालता चालता पळू लागला. बावन्न वर्षांचा, पायात चामडी बूट, मुठीत कार्डं, रस्त्यातली माणसं बाजूला होत होती, कुणीतरी "पाकीट मारलं काय हो?" असं विचारलंही. एवढं झणझणीत वाक्य, पण त्याचा हात खिशाकडे गेला नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की पोचल्यावर म्हणायचं काय? पाच चौक ओलांडले तरी त्याला धड एक वाक्य जुळवता आलं नव्हतं. 'जा' म्हणालो तर तो मोठेपणा खोटा होईल. 'नको' म्हणायचं तर ते कुठल्या तोंडानं? अकरा वर्षं गप्प बसलेल्या माणसानं शेवटच्या मिनिटाला 'नको' म्हणायचं, याला काही लाज?

तिचं काम सायकलींच्या दुकानावरच्या मजल्यावर चालायचं. लांबलचक हॉल, मधोमध कमरेएवढी उंच टेबलं, त्यावर कापडाचे थर, थरांवर लोखंडी वजनं, आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले कागदी माणसांचे तुकडे: बाह्या, पाठी, गळे. मशीनवर सात-आठ पोरी. ती टेबलापाशी उभी होती, खडू बोटांत, फोन कापडावर ठेवलेला. त्याला दारात बघून तिच्या हातातला खडू थांबला.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही." त्याला श्वास पुरत नव्हता. "फोन केलास?"

"अजून सतरा मिनिटं आहेत. तू पळत आलास?"

"हो."

"तू?" तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हातात काय आहे?"

लपवावं असं त्याच्या मनात आलं. पण लपवायला जागा नव्हती. त्यानं कार्डं कापडावर ठेवली. तिनं हात ओढणीला पुसले, वरचं एक उचललं, वाचलं. दुसरं वाचलं. मग गठ्ठाच हातात घेऊन वाचत सुटली. तिला ही सवय ठाऊक होती, पण कार्डं तिनं कधी पाहिली नव्हती. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. आपली बायको वाचताना खालचा ओठ दाताखाली धरते, हे त्याला नवीनच होतं.

"शेजारीण?" ती म्हणाली.

"ते नियमामुळं..."

"मी शेजारीण? आणि ही सहप्रवासी कोण? मीच ना? सव्वीस वर्षं संसार केला, पोर वाढवली, आणि मी सहप्रवासी!" मशिनींचा आवाज एकेक करून बंद पडत गेला. "आणि हे? 'अनोळखी स्त्री, बाजार.' अरे, बाजारातली अनोळखी बाई तुला विचारायला येईल का, मी जाऊ की नको म्हणून? तिला वेड लागलंय?"

"एका तोंडाची पाचच कार्डं घेतात, म्हणून मी..."

"म्हणून मला तेवीस तोंडं लावलीस! आणि एकालाही उत्तर दिलं नाहीस!" तिनं सातवं कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "'अनेकवचन लक्षणीय.' हे लक्षात आलं तुझ्या. बरोबर चल म्हणतेय, हे नाही आलं?"

एक पोर खुदकन हसली आणि दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

"बोल ना," बायको म्हणाली. "पळत कशाला आलास? आता काय विचार केलास ते सांगायला?"

"नको जाऊस," तो म्हणाला.

सांगायचं ठरवून सांगितलेलं ते नव्हतं. शिंक यावी तसं आलं. त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"का?"

"नको."

"का पण? कारण सांग. स्वयंपाक येत नाही म्हणून? लाईटबिल कुठं भरतात माहीत नाही म्हणून?"

"स्वयंपाक शिकेन मी. त्यासाठी नाही. मला... संध्याकाळी घरी आल्यावर..." तो अडला. इतरांची वाक्यं एकोणीस वर्षं जशीच्या तशी उतरवणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य शेवटाला नेता येईना. "नको वाटतं मला. बस."

ती त्याच्याकडे रागानं बघत होती, पण तो राग आधीच्या रागासारखा नव्हता. त्याला आता समोर माणूस मिळाला होता.

"हेच सोमवारी म्हणाला असतास," ती म्हणाली, "तर मी तिथल्या तिथं नाही म्हटलं असतं. कप हातात होता तेवढ्यात. तुझी शपथ."

"मग आता म्हण."

"आता नाही." तिनं फोन उचलला. "चार दिवसांत मीच विचार केला. कुणी बरोबर नव्हतं, एकटीनं केला. बारा माणसांना मी शिकवू शकते. मला शिकवायचंय. तो वरचा वर्ग दोन वर्षं कशासाठी केला मी?"

"मी नको म्हणतोय!" त्याचा आवाज चढला. तो असा चढलेला त्या हॉलमध्ये काय, त्याच्या घरातही कुणी ऐकला नव्हता.

"ऐकलं. कान फुटले नाहीत माझे." तिनं नंबर लावला आणि त्याच्याकडे बघतच बोलली. "नमस्कार. हो, मीच. येतेय मी. एक तारखेला. नाही, घरचे तयार नाहीत. हो, तरी येतेय."

फोन ठेवला तेव्हा घड्याळात बाराला आठ कमी होते. पोरी माना खाली घालून, मशिनी बंद ठेवून, काम करण्याचं नाटक करत होत्या. तो टेबलाची कड धरून उभा होता.

"मला राग आलाय," तो म्हणाला.

"दिसतंय."

"फार राग आलाय. तू माझं ऐकलंच नाहीस."

"आई गं!" तिनं कपाळावर हात मारला, आणि खडूची पाच बोटं कपाळावर उमटली. "हे तू म्हणतोस? तू? चल, जिन्यात चल. नीट रागाव. इथं पोरी ऐकतायत."

ते जिन्यात गेले. दार लोटून घेतलं, पण ते दार पातळ होतं आणि पोरींचे कान तीक्ष्ण. सायकलवाल्यानंही खाली चाकात हवा भरायचं थांबवलं. सव्वीस वर्षांच्या संसारातलं ते पहिलं भांडण. आणि पहिलं असल्यामुळं दोघांनाही त्याची सवय नव्हती. ती एकदम अकरा वर्षांपूर्वीवर गेली, तो चार दिवसांपूर्वीवरच अडून राहिला. ती दवाखान्याचं बोलली. तो म्हणाला, ते माझं चुकलं, त्याला काही उत्तर नाही, पण म्हणून आता तू जायचंस का? ती म्हणाली, त्याचा सूड म्हणून जात नाहीये मी, तेवढी रिकामी नाही. तो म्हणाला, महिन्यातून एकदा म्हणजे दोन वर्षांत चोवीस वेळा. एका वेळी दोन दिवस धरले तर अठ्ठेचाळीस. सातशे तीस दिवसांतले अठ्ठेचाळीस!

"मोजलेस?" ती म्हणाली.

"सोमवारीच मोजले. रात्री. रोज मोजतोय."

"मग तेच सांगायला काय झालं होतं रे तुला?" ती इतक्या जोरात ओरडली, की खाली सायकलवाल्याच्या हातातला पंप पडला.

तो पायरीवर मटकन बसला. बूट घामानं ओले झाले होते, एका बुटाची नाडी सुटली होती. काय झालं होतं, हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. तो ते शोधायला लागला, तिच्यासमोर, मोठ्यानं, अडखळत: लहानपणी घरात कसं कुणीच काही म्हणायचं नाही इथपासून. ते कंटाळवाणं होतं, आणि मधे मधे तो चुकीचं सांगून परत दुरुस्त करत होता.

वर जेवणाची सुट्टी संपल्याची घंटा झाली. ती उठली नाही. त्याच्या एक पायरी वर बसली, गुडघ्यावर हनुवटी टेकली.

"हं," ती म्हणाली. "मग?"